प्रेत एकच

कळमन्याच्या संत्र्यांच्या शेडमध्ये
मी रात्री साडेनऊला मेलो, मराठीत.
पावणेबाराला पुन्हा, हिंदीत.
मधे अर्धा कप चहा,
आणि मेकअपच्या पोरीने मानेवरची जखम ताजी केली,
साखरेच्या पाकात खायचा रंग कालवून.
मुंग्यांना दोन्ही भाषा कळत होत्या.

श्रावण हेडाऊ, गोळीबार चौक.
माग विकल्यापासून मिळेल ते काम.
"हलायचं नाही, एवढंच," को-ऑर्डिनेटर म्हणाला,
"बाकी सगळं ते दोघं करतात."

ते दोघं म्हणजे इन्स्पेक्टर निमजे आणि इन्स्पेक्टर चौबे.
ती बुटाच्या लेसलाही दुहेरी गाठ मारणारी.
तो बालाघाटचा, शर्ट बाहेर, खिशात खर्रा,
पुराव्याच्या पिशवीत भजी ठेवणारा.
कथेत तिला हिंदीचा राग, त्याला मराठीचं वावडं,
आणि दोघांत जीप एक.
मराठीत तिला सुचतं, तो मागून धापा टाकत येतो.
हिंदीत वाक्यं फिरतात,
आणि धापा तिच्या वाट्याला.

मी डोळे मिटून ऐकत होतो.
मेल्यावर कान फार तिखट होतात.
मराठीत ती माझ्याजवळ उकिडवी बसून म्हणाली,
"ह्याला कुणीतरी शोधत असेल."
त्या जागी हिंदीत त्याला वाक्य होतं,
"लावारिस लगता है."
दोन-सव्वादोन तासांत
माझी माणसं गेली कुठे?

डायरेक्टर बाहेरचा.
ती "काऊन" म्हणाली की कट.
"का म्हण. नुसतं का. पुण्यात कळलं पाहिजे."
तो "क्यों बे" म्हणाला की कट.
"बे काढ. लखनौला खटकेल."
पहाटे तर्री-पोहे आले तेव्हा
उलट्या क्रेटवर बसून तो म्हणाला,
"लिंबू दे ना बे इधर."
"हात नाही का बे तुले?" ती म्हणाली, आणि दिलं.
ही कुठली भाषा, मला कुणी विचारलं असतं
तर सांगितलं असतं, आमच्या घरची.

मग हिशेब.
प्रॉडक्शनवाल्याने एकच पाकीट पुढे केलं.
मी म्हटलं, साहेब, दोनदा मेलो.
तो हसला. "काका, डायलॉग कुठे आहे तुम्हाला?
त्यांना दोनदा बोलावं लागतं. प्रेत एकच.
प्रेताला भाषा नसते."

निमजेबाईंनी द्रोण खाली ठेवला.
"थंड्या फरशीवर दोन खेपा झोपला न माणूस."
चौबे तोंडातला घास तसाच ठेवून,
"दो बार लेटा है भाऊ, दो बार लिख."
अख्ख्या मालिकेत त्या जोडीचं एकमत
मी पाहिलं ते एवढंच,
आणि ते शूट झालं नाही.

दीडपट मिळाले.
तो अर्धा कोणत्या भाषेतला, मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत लागली मालिका.
मराठीत मला सख्ख्या भावाने मारलं.
हिंदीत ठेकेदाराने.
चॅनेलचं म्हणणं असं की प्रेक्षक वेगळा, खुनी वेगळा.
माझा भाऊ पारडीत राहतो, मोसंबी विकतो,
त्याने फोन करून विचारलं, "मी कायले मारीन बावा तुले?"

कौशीने दोन्ही पाहिल्या.
चेहरा मराठीत अंधारात, हिंदीत चादरीखाली.
तिने अंगठ्यावरून ओळखलं,
मागाच्या पावडीने वाकवलेला, तो दोन्हीत तोच.

हिंदीत एका ठिकाणी चौबे वळतो,
तेव्हा चादर किंचित वर होते, खाली होते.
एक श्वास.
कापायचा राहून गेलेला.
"मागं न्या," ती म्हणाली.
पोराने मोबाईलवर मागे नेलं.
"आणखीन एकदा."
भाताचा करपट वास आला
तरी ती उठली नाही.